ज्याचा चेक, त्याचा अहवाल?

ताई, मी २९ वर्षांची आर्किटेक्ट आहे. गिरगावात चाळीत वाढले, अजून तिथेच राहते. बी.आर्क. मुंबईत केलं, संवर्धनातलं एम.आर्क. अहमदाबादला. तीन वर्षांपासून फोर्टमधल्या एका छोट्या हेरिटेज कन्सल्टन्सीत आहे. सध्या मुंबईच्या वारसा यादीतल्या एका ग्रेड टू-बी, म्हणजे मधल्या दर्जाच्या, इमारतीचा अहवाल माझ्याकडे आहे. इमारत बिल्डरने घेतलीय आणि 'या वास्तूचं वारसामूल्य आता फारसं उरलेलं नाही' असं एक वाक्य त्यांना अहवालात हवंय. मी लिहिलंय ते याच्या नेमकं उलट. सर म्हणतात, 'दोन शब्द इकडचे तिकडे कर, एवढं काय त्यात? तुझा पगार त्यांच्याच चेकमधून होतो.' घरी आणखी वेगळं. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. कमिटीच्या मीटिंगला गेले की 'आली हेरिटेजवाली, आता अडवणार' म्हणून टोमणे. आई काही बोलत नाही, पण मी टॉवरवाल्या मोठ्या फर्ममध्ये जावं असं तिलाही वाटतं. वर्गातल्या मैत्रिणींना माझ्या दुप्पट पगार आहे. सोडू का हे क्षेत्र?
– ठाकुरद्वारची हेरिटेजवाली

अगं हेरिटेजवाली,

ताई म्हटलंस, तेव्हा अहो-जाहो बाजूला ठेवते.

अहवालातलं वाक्य, घरची चाळ आणि पगार या तिन्ही गोष्टी तुझ्या पत्रात एकमेकींत अडकल्यात. तिन्हींचा मिळून तू एकच प्रश्न केलास, म्हणून तो इतका जड झालाय. वाक्याचं आधी बघू, कारण अहवाल सादर करायची तारीख तुझ्यामाझ्यासाठी थांबणार नाही.

बिल्डरच्या चेकमधून पगार होतो यात लाजण्यासारखं काही नाही. परवानगी ज्याला हवी त्यानेच अहवाल करून घ्यायचा आणि त्यानेच पैसे द्यायचे, अशी आपल्या धंद्याची रचनाच आहे. आणि हे फक्त मुंबईतच चालतं असंही समजू नकोस. इंग्लंडमध्ये १९९० साली सरकारने पीपीजी-१६ नावाची नियोजनाची मार्गदर्शिका काढली, तेव्हापासून बांधकामाआधी करायच्या उत्खननाचा आणि नोंदींचा खर्च बांधकाम करणाऱ्यानेच उचलायची पद्धत तिथे पक्की झाली. तिथल्या कन्सल्टंटांची घरंसुद्धा विकासकाच्याच पैशावर चालतात. तेव्हा कुठेतरी निर्मळ पैशाचं एक ऑफिस असेल आणि आपल्यालाच ते सापडलेलं नाही, असं मनात असेल तर काढून टाक. चेक देऊन बिल्डरने तुझा वेळ घेतला. तू गच्चीवर चढून काढलेली मोजमापं घेतली, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसून चाळलेली कागदपत्रं घेतली, नकाशे घेतले. इमारत बघून तुला काय दिसलं, ते मात्र त्या चेकमध्ये येत नाही.

आता वाक्य. 'वारसामूल्य उरलेलं नाही' असं जेव्हा बिल्डर म्हणतो, तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्याला म्हणायचं असतं, 'इमारतीची हालत वाईट आहे.' ही अगदी वेगळी गोष्ट. भिंतींना लोणा लागलाय, तुळयांची टोकं कुजलीत, पन्हळी फुटून पाणी मुरतंय, दर्शनी भागात पिंपळ रुजलाय, ही झाली अवस्था. इमारत कुणी, कधी, कशासाठी बांधली, तिच्यात काय वेगळं आहे, रस्त्याच्या चेहऱ्यात तिचा वाटा किती, हे झालं मूल्य. अहवालात यांची दोन स्वतंत्र प्रकरणं असतात आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्यात ओतायचा नसतो. काळ्या घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन बघ, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल. १८६० च्या दशकातली इमारत. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, बोटीने आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. २००५ साली तिचा काही भाग कोसळला, पुढे ती रिकामी करावी लागली, पाडायची की सावरायची यावरून वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. एवढ्या सगळ्यात तिची हालत भयंकर आहे हे कुणीच नाकारलं नाही. पण म्हणून तिचं मूल्य कमी झालं असं लिहायला कुणाचा हात धजावला असता?

तर बिल्डरला हवं ते वाक्य नाकारण्याआधी त्याची दोन वाक्यं करून बघ. एक, इमारतीची अवस्था अमुक अमुक आहे, इथे इथे धोका आहे. हे जितकं कडक लिहायचं तितकं लिही, खरं असेल तर. दोन, तिचं मूल्य तमुक आहे. पहिल्या वाक्यात त्याचं निम्मं समाधान होतं. अर्ध्या वेळा त्याला तेवढंच हवं असतं आणि त्याच्या वकिलाने चुकीच्या प्रकरणात ते लिहून मागितलेलं असतं.

सरांच्या 'दोन शब्द इकडचे तिकडे' या म्हणण्यालाही लगेच नाक मुरडू नकोस. आधी स्वतःचा मसुदा पुन्हा वाच. 'अद्वितीय', 'अप्रतिम', 'मुंबईच्या मुकुटातला' असं काही लिहिलं असशील तर ते तूच काढ, बिल्डरने सांगायची वाट बघू नकोस. तरुण कन्सल्टंट आपल्या इमारतीच्या प्रेमात पडतात, हे मी नेहमी बघते, आणि मग विशेषणांचा ढीग लागतो. ज्या इमारतीच्या खिडक्या जाऊन ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग आल्यात, चुन्याची नक्षी सिमेंटखाली गेलीय, तळमजल्याच्या कमानींत शटर बसलीत, तिच्याबद्दल ते सगळं सरळ लिहायला हवं. बिल्डरने एखादा मुद्दा पुराव्यासकट खोडला, म्हणजे तुझ्या लेखी मूळचा असलेला जिना प्रत्यक्षात नंतर बसवला हे दाखवणारा नकाशा त्याने आणला, तर तो मुद्दा बदल आणि त्याला थँक्यू म्हण. नवा कागद समोर आला तर निष्कर्ष बदलावाच लागतो. फक्त तो कागद बिलाचा नसावा.

त्याची अडचण खरी कुठे सुटते ठाऊक आहे? पर्यायांच्या प्रकरणात. आणि तिथे आपली माणसं आळस करतात. मूल्य लिहिताना दहा पानं आणि पर्याय लिहिताना दीड पान, असे अहवाल मी ढिगाने पाहिलेत. ग्रेड टू-बी म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू नव्हे. १९९५ साली मुंबईची वारसा नियमावली आली, तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमांतला नियम ६७. आता तीच तरतूद २०३४ च्या विकास नियमावलीत ५२ क्रमांकाच्या नियमात आहे. त्यात टू-बीच्या इमारतीत आतले बदल आणि वापरातला बदल बहुतांशी करता येतात. बाहेरून काही करायचं तर छाननी होते. आणि ठरावीक परिस्थितीत त्याच आवारात विस्तार किंवा जोडइमारतही मान्य होऊ शकते, फक्त उंची आणि दर्शनी भाग मूळ इमारतीशी जुळता हवा. शिवाय नियमांमुळे वापरता न आलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा हक्क, मागण्याची तरतूद आहे, अटी पूर्ण होत असतील तर. हे सगळं मांडून त्याला दोन-तीन पर्याय काढून दे. मागच्या अंगणात किती बांधता येईल, मागची बाजू किती बदलता येईल, दर्शनी भाग ठेवून आत काय करता येईल, प्रत्येकात परवानगीची शक्यता किती. तिथे त्याच्यासाठी जीव तोडून काम कर. बिल्डर हा काही खलनायक नसतो गं, त्याच्या डोक्यावर व्याज चालू असतं. त्याला 'नाही' ऐकायची सवय असते. 'हे नाही, पण हे होईल' असं सांगणारा मिळत नाही.

सरांशी बोलताना नीतिमत्तेवर भाषण देऊ नकोस. ते पाघळणार नाहीत आणि तुलाच अवघडल्यासारखं होईल. त्यांना धंद्याच्या भाषेत सांग. मुंबई वारसा संवर्धन समिती सल्ला देते, निर्णय पालिका आयुक्तांचा असतो, पण त्या समितीत वास्तुविशारद असतात, स्ट्रक्चरल इंजिनीअर असतात, इतिहासाची माणसं असतात. साइट व्हिजिटला त्यातला एखादा जिन्यात उभा राहून वर बघणार, आणि अहवालातलं वाक्य आणि डोक्यावरचं छत यांचा मेळ बसला नाही की फाइल परत येणार. तेवढ्यावर थांबलं तर ठीक. पण या शहरात हे काम करणारी माणसं मोजकी आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि यानंतर तुमच्या लेटरहेडवरची प्रत्येक फाइल दोनदा वाचली जाणार. छोट्या कन्सल्टन्सीकडे विकायला तेवढाच माल असतो. समितीने तिच्या शब्दावर विश्वास ठेवणं बंद केलं तर पुढचा बिल्डर कशाला येईल?

हे तोंडी सांग आणि त्याच संध्याकाळी चार ओळींचा ई-मेल टाक: 'चर्चेप्रमाणे अवस्था आणि मूल्य वेगळं केलं आहे, पर्याय वाढवले आहेत, सुधारित मसुदा सोबत.' तक्रारीचा सूर नको. फक्त तुझा मसुदा तारखेसह कुठेतरी नोंदलेला असू दे. एवढं करूनही सरांना ते वाक्य हवंच असेल तर त्यांनी ते स्वतः लिहावं आणि त्याखाली स्वतः सही करावी. मालक ते आहेत. तुझं नाव मोजमापं आणि नकाशे करणारी म्हणून राहिलं तरी चालेल, किंवा नाहीच राहिलं तरी चालेल. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक तुझ्या एकटीचा आहे, आणि १९८९ ची व्यावसायिक आचारनियमावली त्या क्रमांकाला लागू होते. ऑफिस बदललं तरी क्रमांक तोच राहतो. तुझ्या परवानगीशिवाय तुझ्या नावाखाली ते वाक्य गेलं तर मात्र एक दिवसही थांबू नकोस, आणि तेव्हा मला पत्र लिहून विचारायचीही गरज नाही.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, म्हणून विचारते. त्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कुणी केलंय, आणि तू ते शेवटच्या पानापर्यंत वाचलंयस का? कारण खरा डाव बहुतेक वेळा तिथे असतो. इमारत 'सी-वन'मध्ये गेली, म्हणजे धोकादायक आणि पाडण्यायोग्य ठरली, की पालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस लागते आणि तुझी दहा पानं बाजूला राहतात. जुन्या इमारतींच्या ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी अशा चाचण्यांचे तक्ते लावलेले दिसतात. या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. चुन्यात बांधलेली विटांची भिंत आणि सागाच्या तुळया असलेल्या इमारतीत त्या आकड्यांवरून काय कळणार? कुणीतरी बाल्कनीला नंतर ओतलेल्या स्लॅबवर हातोडा मारतो आणि त्यावरून अख्ख्या इमारतीचा निकाल लावतो. लाकडी इमारतीत बघायची असतात ती तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं. मोरीचं, संडासाचं, गच्चीचं पाणी तिथे मुरतं आणि लाकूड तिथून जातं. मधला भाग ठणठणीत असतो. टोकापाशी गिलावा फोडून, सळई टोचून बघितल्याशिवाय तुळई गेली की राहिली हे सांगता येत नाही.

दुसरं म्हणजे सिमेंट. चुन्याच्या भिंतीवर मागच्या कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला असतो, मजबुतीच्या नावाखाली. चुना ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. मग क्षार वर येतात, विटांचा भुगा होतो, आणि ऑडिटवाला लिहितो की भिंतीची ताकद संपली. भिंतीची ताकद त्या गिलाव्याने खाल्ली, आणि गिलावा काढून विटांमधल्या फटी पुन्हा चुन्यात भरल्या तर बऱ्याच भिंती उभ्या राहतात. सगळ्या नाही. काही खरोखरच गेलेल्या असतात आणि तसं लिहायलाही आपल्याला यायला हवं. पण लाकूड आणि चुना कळणारा इंजिनीअर सरांकडून मागून घे. मूल्याच्या वाक्यासाठी भांडशील आणि ऑडिट न वाचताच राहील, असं व्हायला नको.

आता चाळ.

इथे मी तुझ्या बाजूने तितकीशी नाही. चाळकऱ्यांना टॉवर का हवाय हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं, कारण सकाळी सामाईक संडासापुढे रांगेत तू उभी राहिलीयस. चाळ मोडकळीला आली ती रहिवाशांना तिची किंमत नव्हती म्हणून नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळपास १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या काळच्या टंचाईत भाडेकरूला त्याची गरज होतीच. पण ती व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात कौलं बदलणंही परवडेना, त्याने हात काढून घेतले. भाडेकरूने पागडी मोजलेली, पण मालकी नाही, म्हणून तो आतली फरशी बदलेल, भिंतीला टाइल्स लावेल, सामाईक जिन्याला हात लावणार नाही. मग जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आला, म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आलं, १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या इमारती 'अ' वर्गात गेल्या, आणि दुरुस्ती म्हणजे गॅलरीखाली लावलेले टेकू, असं चित्र झालं. दर पावसाळ्यात कुठेतरी काहीतरी कोसळतं. इतक्या वर्षांच्या या हिशेबानंतर स्वतःचं संडास आणि लिफ्ट असलेलं घर कुणी मागितलं, तर त्याला 'वारसा' ऐकवायला आपण कोण? मी तर म्हणते, ज्याच्या घरात संडास आहे त्याने चाळीच्या संवर्धनावर बोलताना आवाज जरा खालीच ठेवावा.

२०१२ साली वारसा यादीत नवी भर घालायचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्कच्या परिसरात केवढा गदारोळ झाला, तुला आठवत असेल, पंधरा-सोळा वर्षांची असशील. तिथे लोक काही झोपडीत राहत नव्हते, चांगली शिकलेली, वाचणारी माणसं. तरी ती चवताळली, कारण यादीत नाव येणार हे त्यांना वर्तमानपत्रातून कळलं, पण दुरुस्तीला पैसे कोण देणार हे कुणी सांगितलं नाही. हेरिटेजवाल्यांची बदनामी आपणच तेव्हा करून घेतली, असं माझं मत आहे. त्याच्या उलट ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती. २०१८ साली त्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींबरोबर जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यामागे त्या भागातल्या नागरिकांचा बरीच वर्षं रेटा होता. अर्थात त्या इमारतींतल्या आणि तुझ्या चाळीतल्या राहणीत किती अंतर आहे हे तू रोज ठाकुरद्वारहून फोर्टला जाताना बघतेसच, तेव्हा ती तुलना फार ताणत नाही.

तू करायचं काय? सगळ्यात आधी वारसा यादी काढून बघ, तुमची चाळ तिच्यात आहे का. स्वतंत्र नोंद आहे का, की एखाद्या वारसा परिसरात येते. खूप चाळी यादीत नाहीतच. तुमची नसेल तर पुढच्या मीटिंगला यादीच घेऊन जा आणि सांग, 'अडवायचं म्हटलं तरी मला अडवता येणार नाही.' असेल तर ग्रेड बघ. तीन असेल तर बाहेरचे-आतले बदल साधारणपणे करता येतात आणि इमारत धोकादायक असल्यासारख्या कारणांवरून पुनर्बांधणीचीही वाट असते. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी तुमच्या चाळीचं कोणतंही काम तुझ्या ऑफिसकडून होऊ देऊ नकोस. हे सरांना आत्ताच सांगून ठेव. घर तुझं आणि अहवालही तुझा, असं चालत नाही.

मग कमिटीत बस आणि बिल्डरचा करारनामा वाच. चाळीतली माणसं चौरस फुटांवर अडकतात, तीनशे की साडेतीनशे. तू त्यांना बाकीचं दाखव. पुनर्वसनाची इमारत विक्रीच्या टॉवरच्या किती जवळ आहे, खालच्या मजल्यांना ऊन-वारा येणार का. लिफ्ट किती आणि त्यांची देखभाल कोण करणार. कॉर्पस फंड, म्हणजे देखभालीसाठी बिल्डर देईल ती ठेव, किती, त्याच्या व्याजात महिन्याचा मेंटेनन्स निघेल का, कारण ज्यांनी आजवर शे-दोनशे भाडं दिलं त्यांना टॉवरचा मेंटेनन्स भरता न येऊन घर विकून वसई-विरारला जावं लागतं. संक्रमण काळातलं भाडं किती वर्षांचं, आणि काम रखडलं तर काय. गणपती कुठे बसणार? हे हसण्यावारी नेऊ नकोस. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तो चाळीला चौक आहे म्हणून बसतो. तसा चौक नव्या नकाशात टॉवरखालच्या पार्किंगच्या मजल्यांवर ढकलला जातो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. नकाशा वाचता येणारी त्या मीटिंगमध्ये तू एकटी असशील. आराखड्यातल्या दोन चुका दाखवून दिल्यास की टोमणे आपोआप कमी होतील, आणि नाही झाले तरी कराराला फायदा होईल.

आणि पाडकाम सुरू व्हायच्या आधी चाळीची नोंद करून ठेव. मोजून नकाशे, जिन्याचे कठडे, गॅलरीचे ब्रॅकेट, कुठल्या खोलीत किती माणसं कशी झोपायची, माळ्यावर काय असायचं. शेजारच्या आजींना बोलतं कर. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणाचं काही अडत नाही. घरं रिकामी करायला निघालेल्या माणसांसमोर फोटो काढत फिरायला संकोच वाटेल, तर शाळेतल्या मुलांना हाताशी धर. ती तुझ्यापेक्षा भराभर खोल्यांत शिरतील.

पगाराचं थोडक्यात सांगते. दुप्पट पगाराची मैत्रीण पुढची बरीच वर्षं तुझ्या पुढेच राहणार. ते मान्य करूनच इथे राहावं, मनात हिशेब घोळवत राहू नये. आणि पैसा हवा म्हणून टॉवरच्या फर्ममध्ये गेलीस तर त्यात पाप नाही. चाळकऱ्यांच्या पुनर्वसनाची इमारत नीट काढणारा आर्किटेक्ट या शहराला हवाच आहे.

राहणार असशील तर मात्र फक्त अहवाल लिहून पोट भरणार नाही हे लक्षात घे. जिथे प्रत्यक्ष काम चाललंय तिथे उभी राहा. हल्ली मुलं ड्रोन उडवून, लेझर स्कॅन करून अप्रतिम नकाशे करतात, पण मालाडचा पिवळसर दगड आणि पोरबंदरी चुनखडी समोर ठेवली तर गोंधळतात. चुना किती दिवस भिजवायचा, चुन्याच्या घाण्यात किती मळायचा, सुरखी म्हणजे विटांची पूड किती घालायची, हे गवंड्याला विचारून शिकायचं असतं आणि गवंडी पहिल्या दिवशी सांगत नाही. ज्यांना हे येतं त्यांना कामाची ददात नाही. भायखळ्याचं रेल्वे स्टेशन दुरुस्त झालं, त्याला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. त्याच्या आधी, २००५ साली, भायखळ्याच्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयाला मिळाला होता. तिथे पालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून काम केलं. म्हणजे बिल्डर सोडूनही गिऱ्हाईक आहे: रेल्वे, पालिका, सार्वजनिक बांधकाम खातं, चर्चचे, अग्याऱ्यांचे, सिनेगॉगचे ट्रस्ट, जुन्या बँका. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रात. तुला सगळ्यात जवळचा खांदेरी, अलिबागजवळच्या थळसमोर समुद्रात. या किल्ल्यांची नोंद, पडझडीची पाहणी, पर्यटकांच्या वाटा, व्यवस्थापन आराखडे, ही कामं पुढची कित्येक वर्षं पुरतील. आणि जमिनीखाली जिथे जिथे बोगदे जातात तिथे वरच्या जुन्या इमारतींच्या भेगा मोजत बसायला माणूस लागतो. ते काम कंटाळवाणं आहे पण पैसे वेळेवर मिळतात, हेही सांगून ठेवते.

स्वतंत्र काम घेशील तेव्हा फी टप्प्यांवर लाव: मोजणी झाली की इतकी, अहवाल दिला की इतकी, समितीपुढे मांडणी झाली की इतकी, साइटवरची देखरेख वेगळी. परवानगी मिळाली तरच शेवटचा हप्ता, अशी अट कुणी घातली तर कितीही मोठं काम असो, घेऊ नकोस. मग ते 'दोन शब्द' सरांनी सांगावे लागत नाहीत, आपलाच हात ते लिहू लागतो.

तर, माझं मत विचारलंस म्हणून: क्षेत्र सोडू नकोस. ऑफिसचं सरांच्या उत्तरावर ठरव. दोन प्रकरणांचा मसुदा त्यांनी चालवून घेतला तर राहा. अशा सरांकडूनही फाइल कशी हलते, कुठल्या टेबलावर काय अडतं, हे शिकण्यासारखं पुष्कळ असतं आणि ते कुठल्याच एम.आर्क.मध्ये शिकवत नाहीत. नाही चालवलं तर नवी जागा हातात आल्यावर नोटीस दे, आधी नाही. निघताना ऑफिसचे नकाशे पेनड्राइव्हवर भरून नेऊ नकोस, ते तुझे नाहीत. पण कुठल्या कुठल्या इमारतींवर कोणतं काम केलंस त्याची यादी करून सरांची त्यावर सही घे, आणि ती नोटीस द्यायच्या आधी घे.